न येणाऱ्या गाड्यांचं पान

१८ जुलै

पान उघडलं. घरातल्या पडद्यावर ते आठ दिवसांपासून उघडतच होतं, त्यात काही विशेष नाही. आज मोनिकाताईच्या दुकानात, तिच्या मोबाईलवर उघडलं. म्हणजे बाहेरून.

मोनिकाताईचं दुकान स्टँडसमोर आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले. माझा मुलगा नीलेश पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कम्प्युटर घरीच राहिला होता. तिने त्यात काय काय घातलं आणि आता वेबसाइट माझ्याच घरातून चालते. बपेरा गावच्या माणसाने मोबाईलवर पान उघडलं की त्याची विचारणा माझ्या घरापर्यंत येते आणि माझ्या घरातून उत्तर जातं. एवढं मला समजलं. मग तिने पत्त्याचं सांगितलं. इंटरनेटवर आपल्या घराला एक आकडी पत्ता असतो, राऊटर बंद पडून परत सुरू झाला की तो बदलतो, वेबसाइटचं नाव मात्र तेच राहतं. म्हणून नवा पत्ता नावाला कळवणारा एक लहान प्रोग्राम तिने बसवला आहे. हे तिचं काम, ती जाणे.

पानावर वर लिहिलं: तुमसर बसस्थानक, आजच्या गाड्या. खाली: ही माहिती खाजगी आहे. भोजराज निखारे, निवृत्त वाहतूक नियंत्रक. आणि माझा नंबर.

नीलेशला फोन केला. तो म्हणाला, वेबसाइटला फुकट जागा मिळते, त्यासाठी घरी मशीन चालू ठेवायची गरज नाही. मी म्हटलं, एकतीस वर्षं मी माइकवरून गाड्या सांगितल्या, आता घरातून सांगतो. तो म्हणाला, "बाबा, तब्येत बरी आहे ना?" तब्येतीचा यात काय संबंध ते कळलं नाही.

२१ जुलै

नऊ जणांनी पाहिलं. त्यात चार वेळा मीच, मोनिकाताईच्या मोबाईलवरून. उरलेले पाच प्रवासी.

दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान रोज कुणीतरी पान दोन-तीनदा उघडतं. ती माझी झोपेची वेळ. नियमित प्रवासी दिसतो.

रुखमिणी जेवताना म्हणाली, "आंबागडची गाडी सातव्या ओळीत कायले लिवली? वर लिवा." आंबागड तिचं माहेर. मी सांगितलं की ओळी वेळेप्रमाणे असतात, माहेराप्रमाणे नाही. पण ती सातवी ओळ आहे हे तिला कसं कळलं, ते विचारायचं राहिलं.

२८ जुलै

आता पद्धत बसली. सकाळी साडेसहा, दहा, दुपारी साडेबारा आणि चार. चार वेळा स्टँडवर जायचं, फळ्यावरून रद्द आणि उशिराच्या गाड्या उतरवून घ्यायच्या, घरी येऊन पानावर घालायच्या.

माझ्या जागी उर्वशी मॅडम आल्या आहेत. वय तिशीच्या आसपास, स्वभाव कडक. नियंत्रण कक्षात मला येऊ देत नाहीत. "निखारे साहेब, तुम्ही आता प्रवासी," असं म्हणाल्या. नियम तसाच आहे, मीही कुणाला येऊ दिलं नसतं. एक बरं झालं, फळा पूर्वी आतल्या भिंतीवर असायचा, तो त्यांनी आठवड्यापासून खिडकीबाहेर टांगला आहे. अक्षरही आता एवढं मोठं काढतात की चष्म्याशिवाय वाचता येतं. अक्षर चांगलं आहे. स्वभावाचं काय करणार.

४ ऑगस्ट

पाऊस आणि लाईटचा लपंडाव. मशीन आणि राऊटर दोन्ही बॅटरीवर टाकले आहेत, पाऊण तास निघतो. आज दोनदा लाईट गेली आणि पान एकदाही बंद पडलं नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट सारखी वर यायची, इंग्रजीत काहीतरी कळवत. वेळा टाकताना मधे मधे यायची. आज ती कायमची बंद करायची युक्ती सापडली. मोनिकाताई तिच्या गावाला गेली आहे, पण तिच्यावाचून जमलं. आता पडदा स्वच्छ दिसतो.

११ ऑगस्ट

त्रेचाळीस जण.

आज पहिल्यांदा एका प्रवाशाचा फोन आला. अंजू नावाची सून आहे, बपेऱ्याच्या अलीकडे नाल्यापलीकडलं गाव. नवरा अमर नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर. घरी ती, लहान मुलगी आणि सासू. म्हणाली, "काकाजी, पयले पोरीले घेऊन तासभर उन्हात उभी राहत होती. आता तुमचं पान पाहते अन् मंगच घरून निंगते." मी म्हटलं, माझ्या पानावर गाडी लिहिली म्हणजे आलीच समजायची.

फोन ठेवल्यावर रुखमिणीला सगळं दोनदा सांगितलं. ती म्हणाली, एकदाच सांगितलं असतं तरी समजलं असतं.

२२ ऑगस्ट

रात्रीचे आठ. घडलं त्या क्रमानेच लिहितो.

पाऊस पहाटेपासून. दहा वाजता फळ्यावर काही नव्हतं. दीडची बपेरा गाडी वेळेवर, तसं पानावर टाकलं. अकराला लाईट गेली. पाऊण तासाने बॅटरी संपली, मशीनही गेली आणि राऊटरही. सव्वाबाराला लाईट आली, मी सगळं सुरू केलं. साडेबाराला स्टँडवर गेलो तर फळ्यावर होतं: नाल्यावर पाणी, दीडची बपेरा रद्द. बाराचाळीसला मी पानावर "रद्द" लिहिलं. पडद्यावर उघडून डोळ्यांनी पाहिलं. मग जेवलो आणि झोपलो.

तीनला अंजूचा फोन. दीडची गाडी अजून आली नाही म्हणाली. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं की ती रद्द आहे, पानावर लिहिलं आहे, पाहायचं होतं. ती म्हणाली पान दुपारपासून उघडतच नाही. सकाळी उघडलं तेव्हा गाडी होती.

"मी सकाळी पाहूनच ननंदेले फोन केला, काकाजी. तिनं आईले एक वाजताच फाट्यावर धाडलं. आई फाट्यावर नाही."

आई म्हणजे तिची सासू, कुंताबाई. सत्तरीची बाई. लेकीकडे भाताच्या रोवणीसाठी गेली होती, वीस दिवसांनी आज परत निघाली. लेकीचं गाव गिरणी फाट्यापासून दोन किलोमीटर आत. बाईजवळ मोबाईल नाही. जावई फाट्यावर पाहून आला, कुणी नाही. अंजू म्हणाली, फाट्यावरून पायीही घरी येता येतं, नाला उतरून. सासू जन्मभर तशीच आली.

रुखमिणी शेजारी उभी होती. तिने मला न विचारता स्वतःचा मोबाईल काढला आणि पान उघडून पाहिलं. उघडलं नाही. माझ्या पडद्यावर पान उघडत होतं, "रद्द" शब्दासकट. बाहेर कुणालाच दिसत नव्हतं. बाराचाळीसला मी ते माझ्याच घराच्या भिंतींना सांगितलं होतं.

उर्वशी मॅडमना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. बोलणी खायची तयारी होती. त्यांनी फक्त साडीचा रंग विचारला आणि हातात काय होतं ते विचारलं. मला ठाऊक नव्हतं. रुखमिणीच्या मोबाईलवरून अंजूला विचारून सांगितलं: हिरवं लुगडं, खताच्या पोत्याची पिशवी. फोन चालूच होता, त्यांनी माइक हातात घेतला ते मला ऐकू आलं. स्टँडवर कुणी ही बाई पाहिली असेल तर कक्षात कळवा. मग त्या बाजूच्या एकेका कंडक्टरला फोन सुरू केले.

मी दुचाकीची किल्ली घेतली तोवर रुखमिणीने रेनकोट घातला होता. मी म्हटलं, तू कशाला. ती म्हणाली, "तुमाले कोण बाई काही सांगेल?"

अठरा किलोमीटर. फाट्यावर टिनाचा निवारा, आत फक्त एक बकरी. जावई टिकाराम तिथेच उभा होता, भिजून काळानिळा झालेला. नाल्यापर्यंत दोनदा जाऊन आला होता. मी तिसऱ्यांदा त्याच्यासोबत गेलो. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, लाल पाणी चाललं होतं, कडेचे खांब वरून वीतभरच दिसत होते. गावचा कोतवाल लोकांना अडवत उभा होता. दोन वाजल्यापासून इथून कुणी उतरलं नाही, असं तो ठामपणे म्हणाला. दोनच्या आधीचं विचारलं तर म्हणाला, "त्याच्या आधीचं मले मालूम नाही, साहेब."

एक ते दोन. तो एक तास मी तिथे पाण्याकडे पाहत मोजत होतो.

नोकरीत माझ्याही चुका झाल्या. फलाट चुकीचा सांगितला, वेळ चुकीची सांगितली. पण लोक समोर असायचे. चुकलं की पुन्हा माइक उचलायचा, आणि सगळे दुसऱ्या फलाटाकडे पळताना दिसायचे. इथे माझ्या शब्दावर घरून निघालेली बाई मी कधी पाहिलीही नव्हती. टिकाराम मला दोन शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं.

पाचला पाच कमी असताना रुखमिणीचा फोन. ती फाट्यावरच थांबली होती.

"या इकडं. बसल्या आहेत."

भाताच्या गिरणीमागे चार-पाच घरं आहेत. तिसऱ्या घराच्या पडवीत तीन बाया कोचईची, म्हणजे अळूची, पानं पुसत होत्या. त्यातली एक कुंताबाई. पिशवी मांडीशी, चहाची कपबशी बाजूला. टिकाराम धापा टाकत आला आणि सासूसमोर मटकन खालीच बसला.

तिला कुणी शोधत असेल हे तिच्या गावीही नव्हतं. मी विचारलं, तुम्ही फाट्यावरून उठून इथे कशा आलात.

"अर्धा घंटा बसली, भाऊ. तिकडून एकबी गाडी आली नाही. तिकडून नाही आली, तं इकडून कायची जाते?"

एकतीस वर्षं हेच माझं काम होतं. परतीची गाडी आली नाही म्हणजे पुढे रस्ता बंद. मी सगळी यंत्रं लावून बसलो होतो आणि बाईने दगडावर बसून ते ओळखलं.

मग तिने जे सांगितलं ते लिहावं की नाही असं झालं, पण लिहितो. निवाऱ्यातून उठून ती आधी नाल्याकडेच गेली होती. पायात पाणी घातलंही होतं. "रंग पायला अन् मांगं फिरली," म्हणाली. आणि पुन्हा पान पुसू लागली.

अंजूला फोन केला. कुंताबाईच्या हातात मोबाईल दिला तर तिने उलटा धरला. मग उर्वशी मॅडमना कळवलं. त्यांनी तिथल्या तिथे माइकवरून सांगितलं, सापडल्या, सुखरूप आहेत. आणि स्टँडवरच्या लोकांचा एक आवाज आला. टाळ्या नव्हेत, नुसताच आवाज, बसलेली माणसं एकदम सैल होतात तसा. त्या घरच्या बाईने चहा दिला. इतका गोड चहा मी कधी पीत नाही, दोन कप प्यायलो.

येताना चष्मा तीनदा पुसावा लागला. पाऊस तोवर थांबला होता.

२३ ऑगस्ट

कम्प्युटरची पिन काढली. आता ते नाव उघडत नाही, ना बाहेर ना घरात.

नीलेशला सांगितलं की तुझंच बरोबर होतं. तो म्हणाला, "मी तसं म्हटलं नव्हतं, बाबा." मग बराच वेळ बोलला. दिवाळीला लवकर येतो म्हणाला.

२६ ऑगस्ट

मोनिकाताई गावाहून आली. मी बंद केलेली चौकट म्हणजेच तो पत्ता कळवणारा प्रोग्राम. बावीस तारखेला लाईट गेली, पत्ता बदलला आणि नावाला ते कुणी कळवलंच नाही. लोक जुन्या पत्त्यावर ठोठावत राहिले. ती म्हणाली, चूक तिचीही आहे, नीट समजावून सांगायला पाहिजे होतं. तिने सांगितलं होतं. या वहीत अठरा जुलैच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे.

२९ ऑगस्ट

सात दिवसांत सव्वीस फोन. पान काहून उघडत नाही? प्रत्येकाला सांगितलं की ते बंद केलं, माझ्याकडून चूक झाली. एक जण म्हणाला, चूक झाली तं दुरुस्त करा, बंद कायले करता.

सकाळी साडेसहाला जाग येतेच. सवयीने स्टँडवर गेलो. फळा अजून बाहेरच आहे. मला वाटलं होतं, आता आत गेला असेल.

२ सप्टेंबर

दुपारी दाराशी अंजू, तिची मुलगी आणि कुंताबाई. तिघी दीडच्या गाडीच्या परतीच्या फेरीने आल्या होत्या, बाईचे डोळे दाखवायला. सोबत कोचईची पानं. मला वाटलं रागावायला आल्या असतील, आणि तसं असतं तरी चाललं असतं. पण बाईला कम्प्युटर पाहायचा होता. "मले कुठून सांगितलं ते तं दाखव," म्हणाली.

पिन लावून दाखवला. पडद्यावर सगळ्या गाड्यांची यादी आली, अठ्ठेचाळीस ओळी. अंजूने वाचून दाखवली. बाईने पाच-सात ओळी ऐकल्या आणि थांबवलं.

"येणारी गाडी तं दिसतेच, भाऊ. आली का बसाचं. न येणारीच सांगत जा."

रुखमिणी आत चहा करत होती. तिथून म्हणाली, "मी हेच म्हणून राहिली होती." ती कधी म्हणाली होती मला आठवत नाही, पण ती खोटं बोलत नाही.

संध्याकाळी त्यांना गाडीत बसवून दिलं. गाडी वेळेवर होती.

१२ सप्टेंबर

नवं पान आजपासून. यादी काढून टाकली. फक्त न येणाऱ्या आणि अर्ध्या तासाहून उशिराच्या गाड्या. वर सगळ्यात मोठ्या अक्षरात, हे केव्हा लिहिलं ती वेळ. खाली: पान उघडलं नाही तर गाडी आहे असं समजू नका, फोन करा.

मोनिकाताईने आणखी एक केलं. तिच्या दुकानातला कम्प्युटर दर पंधरा मिनिटांनी बाहेरून माझं पान उघडून पाहतो. उघडलं नाही तर तिचा आणि माझा मोबाईल वाजतो. आज मुद्दाम राऊटर बंद करून पाहिला. वाजला. पुन्हा सुरू केला, पत्ता बदलला, चौकट कोपऱ्यात वर आली. मी तिच्याकडे चांगलं पाहून घेतलं.

मग स्टँडवर जाऊन उर्वशी मॅडमना विचारलं, माझ्या हातून राहून गेलं तर तुम्ही पानावर लिहाल का. नियमाकडे बोट दाखवतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या हे ऑफिसचं काम नाही. मग स्वतःचा मोबाईल पुढे केला आणि पासवर्ड टाकायला सांगितला. मोनिकाताईने तिथेच करून दिलं.

२० सप्टेंबर

पानावर आज काही नव्हतं. वेळ आणि खाली "सर्व गाड्या सुरू." एकशे बारा जणांनी ते पाहिलं. लोक काही नाही हे पाहायला येतात, याचं आधी हसू आलं. नंतर वाटलं, मीही रोज सकाळी मुलाला फोन याचसाठी करतो.

झोप चांगली लागते.

५ नोव्हेंबर

आंबागडहून आत्ताच आलो. भाऊबीजेला रुखमिणीच्या भावाकडे गेलो होतो, दोन रात्री राहिलो. नीलेश लक्ष्मीपूजन करून परत गेला होता, त्यामुळे घराला कुलूप होतं. निघताना मी पिन काढायला गेलो तर रुखमिणी म्हणाली, "चालू राहू द्या. लोकं सणाचे येऊन जाऊन राहिले." दोन दिवस मी पानावर काही लिहिलं नाही. काय लिहिणार, फळा तिकडे आणि मी इकडे.

परतीसाठी सव्वाअकराच्या गाडीला फाट्यावर येऊन उभे राहिलो. मेहुण्याने तांदळाचं पोतं आणि दोन पिशव्या दिल्या होत्या. अकरा वीस झाले, साडेअकरा झाले. नोकरीत असा फाट्यावर कधी उभा राहिलो नव्हतो. गाडी येते त्या वळणाकडे किती वेळा पाहतो माणूस, ते आज कळलं.

रुखमिणीने मोबाईल काढला आणि पान उघडलं. लगेच उघडलं. घराला कुलूप, खिडक्या बंद, आत कुणी नाही, आणि तरी त्या घरातून उत्तर आलं.

वर वेळ होती अकरा पाच. खाली उर्वशी मॅडमनी लिहिलं होतं:

आंबागड–तुमसर ११.१५ येणार नाही. पुढची १.००. सावलीत बसा.

मी दोनदा वाचलं. नियंत्रकाच्या नोंदीत असं लिहायची पद्धत नाही. गाडी, वेळ, कारण, एवढंच लिहायचं असतं. रुखमिणीने विचारलं, घरी गेल्यावर ते शेवटचं खोडणार का. मी नाही म्हटलं.

पोतं उचलून आंब्याखाली नेलं आणि आम्ही दोघं सावलीत बसलो.